काडीमोडानंतरचा अल्बम: केली क्लार्कसन यांची एकवीस वर्षांची वाटचाल

मित्रहो,

एखाद्या गायिकेचा संसार मोडतो आणि काही काळाने तिचा नवा अल्बम येतो, तेव्हा त्याच्याविषयी विचारले जाणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. हे गाणे कुणाला उद्देशून आहे, त्या ओळीतली गोष्ट खरोखर घडली होती का, आणि समोरच्या माणसाचे यावर काय म्हणणे आहे. अल्बम म्हणजे चोरून वाचायला मिळालेली डायरीच, अशा समजुतीने तो ऐकला जातो. मला आज वेगळे प्रश्न विचारायचे आहेत. गाण्यात बोलणारी व्यक्ती घटनेपासून किती अंतरावर उभी आहे, दोष ती कुणाच्या पदरात टाकते, आणि जे मोडले ते मुळात का जुळले होते हे सांगण्याची तिची तयारी आहे का? पॉप-रॉक गाणाऱ्या कलावंताची वाढ जोखायची असेल, तर तिचा आवाज किती वर जातो यापेक्षा हे प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतात; आणि ते विचारून पाहण्यासाठी केली क्लार्कसन यांच्याइतके चांगले उदाहरण आजच्या अमेरिकी संगीतात क्वचितच सापडेल. त्यांचा 'केमिस्ट्री' हा अल्बम २३ जून २०२३ रोजी आला. त्याच्या मागे एकवीस वर्षांचे गाणे आहे, आणि ते गाणे ठाऊक असल्याशिवाय हा अल्बम पुरता ऐकू येत नाही.

टेक्सासमधल्या बर्लसन या लहान गावात वाढलेल्या क्लार्कसन सप्टेंबर २००२ मध्ये 'अमेरिकन आयडॉल' या दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेच्या पहिल्या पर्वात विजयी झाल्या. विजेत्यासाठी गाणे आधीच तयार होते. 'अ मोमेंट लाइक धिस' नावाचे ते गाणे बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५२व्या क्रमांकावरून थेट पहिल्या क्रमांकावर गेले. ज्या व्यवस्थेने त्यांना निवडले, तिने एक आवाज निवडला होता, हे इथे ध्यानात घ्यावे लागते. प्रेक्षकांनी मत दिले ते दुसऱ्यांची गाणी उत्तम गाणाऱ्या मुलीला. तिला स्वतःचे काही म्हणायचे असेल, हा विचार त्या योजनेत कुणी केलेला नव्हता. पुढच्या वर्षीचा 'थँकफुल' हा अल्बम याच योजनेचे अपत्य होता आणि त्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

नोव्हेंबर २००४ मधला 'ब्रेकअवे' मात्र वेगळा आहे. त्याच्या शीर्षकगीताची गंमत अशी, की लहान गावातून बाहेर पडणाऱ्या मुलीचे ते गाणे क्लार्कसन यांच्या चरित्रातून उचलल्यासारखे वाटते, पण त्याच्या लेखकांत कॅनडाच्या गायिका अ‍ॅव्हरिल लव्हीन आहेत आणि ते मुळात लव्हीन यांच्या पहिल्या अल्बमसाठी लिहिले गेले होते. गाणे कुणी लिहिले यावरून त्यातल्या सच्चेपणाचा निवाडा करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे. याच अल्बममधले 'सिन्स यू बीन गॉन' हे स्वीडनचे मॅक्स मार्टिन आणि अमेरिकेचे डॉक्टर ल्यूक यांनी रचलेले गाणे. त्याची बांधणी आज पुन्हा ऐकली तरी थक्क करते. कडव्यात एकच गिटार, दबका ताल, आवाज जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर. आणि ध्रुवपदाशी येताच गिटारी, ढोल आणि आवाज एकदम मोकळे सुटतात. रॉकचा जोर आणि पॉपची रेखीव घडण यांचा हा सांधा इतका चपखल बसला, की पुढची काही वर्षे अनेक गायिकांनी तोच साचा वापरला. २००६ च्या ग्रॅमी समारंभात या गाण्याला आणि अल्बमला मिळून दोन पारितोषिके मिळाली.

पण या गाण्यातली स्त्री काय म्हणते ते पाहा. तू गेलास आणि मला श्वास घेता आला, एवढेच तिचे म्हणणे आहे. तिच्या बोलण्यात भूतकाळ दोन-चार ओळींपुरता येतो, तोही समोरच्याला हिणवण्यापुरता. तो माणूस तिला कधी आवडला होता का, आवडला असेल तर का, याचा पत्ताच लागत नाही. बाविसाव्या वर्षी गायलेल्या, नाचत ऐकायच्या गाण्याकडून याहून अधिक मागणे अन्यायाचे ठरेल, हे मला मान्य आहे. तरीही दोष पूर्णपणे दुसऱ्याचा आणि सुटका पूर्णपणे आपली, ही मांडणी लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे तीच हळूहळू बदलत जाणार आहे.

त्याच अल्बमवर अगदी उलट स्वभावाचे 'बिकॉज ऑफ यू' हे गाणेही आहे. क्लार्कसन यांचे आईवडील त्या सहा वर्षांच्या असताना विभक्त झाले, आणि हे गाणे त्यांनी सोळाव्या वर्षी लिहायला घेतले. पहिल्या अल्बमच्या वेळी ते कंपनीने नाकारले होते. पुढे बेन मूडी आणि डेव्हिड हॉजेस यांच्या साहाय्याने ते पुरे झाले, 'ब्रेकअवे'मध्ये आले आणि जगभर गाजले. मोडलेल्या संसाराकडे त्या घरातले मूल कसे पाहते, हे त्यात आहे: तुमच्यामुळे मी जपून पाऊल टाकायला शिकले, तुमच्यामुळे मी कुणावर विश्वास टाकत नाही. या गाण्यावरून नऊ-दहा वर्षांनीही वाद पेटला. क्लार्कसन यांची गाणी काढणाऱ्या आरसीए या कंपनीचे तेव्हाचे सर्वेसर्वा क्लाइव्ह डेव्हिस यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात त्या काळची एक बैठक वर्णन केली आणि क्लार्कसन तिथे रडल्या असे लिहिले. क्लार्कसन यांनी जाहीर उत्तर दिले, की रडू आले ते आपले हे गाणे ऐकवल्यावर त्याची हेटाळणी झाली म्हणून. कुणाची आठवण अचूक हे ठरवण्याची आपल्याला गरज नाही. एका बाजूला गाणी पारखण्यात हयात घालवलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला स्पर्धेतून आलेली तरुणी, अशा त्या खोलीत आपण लिहिलेले गाणे मांडणे सोपे नव्हते, एवढे त्यातून स्पष्ट होते.

या संघर्षाचे टोक म्हणजे जून २००७ मधला 'माय डिसेंबर'. एवढे मोठे यश मिळाल्यावर कंपनीला त्याच जातीची आणखी गाणी हवी होती. क्लार्कसन यांनी मात्र प्रत्येक गाण्याच्या लेखनात स्वतः भाग घेतलेला, काळोख्या आणि खरखरीत वळणाचा अल्बम पुढे केला. मिनिटमेन या पंक बँडचे माइक वॉट यांनी त्यात बास वाजवला आहे. आयडॉलच्या विजेतीच्या अल्बमवर हे नाव वाचून तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या असतील. कंपनीशी झालेले मतभेद वर्तमानपत्रांत गाजले, उन्हाळ्यातला मोठा दौरा रद्द झाला आणि विक्री 'ब्रेकअवे'च्या जवळपासही पोहोचली नाही. त्यातले 'नेव्हर अगेन' हे पहिले गाणे म्हणजे निव्वळ शाप आहे. तुझे कधीच भले होऊ नये, असे म्हणणारी ही स्त्री आधीच्या गाण्यातल्या मुक्त स्त्रीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे, कारण सुटका झाल्याचा आव ती आणत नाही. मला हा अल्बम आवडतो, त्याच्या ओबडधोबडपणासकट आवडतो. पण तो जवळजवळ एकाच सुरात बोलतो. दुखावलेल्या माणसाला आपल्या जखमेपलीकडचे काही दिसत नाही, तसे या अल्बमला दिसत नाही. त्यामुळे बहुतेक गाण्यांत समोरच्या माणसाला चेहरा मिळत नाही.

इथे एक व्यावहारिक तपशील सांगायला हवा, कारण पुढची सारी कथा त्यातून निघते. या गोंधळातच क्लार्कसन यांनी आपले व्यवस्थापक बदलले आणि त्या नार्व्हेल ब्लॅकस्टॉक यांच्या स्टारस्ट्रक या कंपनीकडे गेल्या. ज्येष्ठ कंट्री गायिका रिबा मॅकएंटायर या नार्व्हेल यांच्या तेव्हाच्या पत्नी, आणि ब्रँडन ब्लॅकस्टॉक हे नार्व्हेल यांचे पुत्र. ब्रँडन पुढे क्लार्कसन यांचे व्यवस्थापक झाले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये पती. ज्या माणसाच्या हाती आपला व्यवसाय सोपवला त्याच्याशीच संसार थाटल्यावर, संसार मोडताना काय काय मोडते, याची कल्पना यावरून करता येईल.

'माय डिसेंबर'नंतरच्या दोन अल्बमांत कंपनीशी तडजोड दिसते. २००९ मध्ये 'ऑलरेडी गॉन' हे गाणे बियॉन्से यांच्या 'हेलो'शी फार मिळतेजुळते आहे, दोन्हींचे सहलेखक रायन टेडरच आहेत, असा आक्षेप स्वतः क्लार्कसन यांनी घेतला. तरीही कंपनीने ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेच. २०११ च्या 'स्ट्राँगर'ने मोठे यश आणि आणखी एक ग्रॅमी दिले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने थांबायचे ते २०१५ च्या 'पीस बाय पीस'पाशी.

ग्रेग कर्स्टिन यांच्याबरोबर लिहिलेल्या या शीर्षकगीतात 'बिकॉज ऑफ यू'मधले मूल मोठे होऊन परत बोलू लागते. ते सोडून गेलेल्या वडिलांना उद्देशून बोलते, आणि त्यांच्यासमोर आपल्या नवऱ्याला उभे करते: तुम्ही जे मोडून गेलात ते याने तुकड्यातुकड्याने पुन्हा जोडले, हा निघून जाणार नाही, हा आपल्या मुलीला कधी एकटी पाडणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये आयडॉलच्या तेव्हा शेवटच्या मानल्या गेलेल्या पर्वात क्लार्कसन हे गाणे केवळ पियानोच्या साथीने गायल्या. तेव्हा त्या गरोदर होत्या. गाता गाता त्यांचा आवाज फुटला आणि परीक्षकांच्या डोळ्यांतही पाणी आले. त्या रूपातले गाणे बिलबोर्डच्या पहिल्या दहांत पोहोचले. गायिका म्हणून त्यांच्या वाढीचा तो मोठा क्षण होता असे मला वाटते, कारण स्पर्धेतल्या नियमांनी ज्याला चूक म्हटले असते तो तुटलेला सूर त्यांनी लपवला नाही, आणि गाणे त्या सुरावरच उभे राहिले.

लेखन म्हणून मात्र या गाण्यात एक धोका दडलेला होता. त्याचा सारा युक्तिवाद दुसऱ्या माणसाच्या पुढच्या वागणुकीवर टेकलेला आहे. हा राहील, या विधानावर गाणे उभे आहे. तो राहिला नाही, किंवा तिलाच राहावेसे वाटले नाही, तर गाण्याचे काय करायचे? २००४ मध्ये सारा दोष दुसऱ्यावर होता, २०१५ मध्ये सारे तारण दुसऱ्यावर होते. दोन्ही वेळा बोलणारी स्त्री स्वतः कुठे आहे, याचे उत्तर मिळत नाही.

क्लार्कसन यांनी जून २०२० मध्ये घटस्फोटासाठी अर्ज केला आणि मार्च २०२२ मध्ये प्रकरण निकाली निघाले. या काळात त्यांचा दूरचित्रवाणीवरचा दैनिक कार्यक्रम चालू होता. सप्टेंबर २०१९ पासून त्या या कार्यक्रमाच्या सुरुवातीला दुसऱ्या कुणाचे तरी एखादे गाणे गात आल्या आहेत. या प्रघाताकडे करमणूक म्हणून पाहिले जाते, पण मला तो रियाझ वाटतो. आज कंट्री, उद्या सोल, परवा एखाद्या ब्रिटिश रॉक बँडचे हळवे गाणे, अशी शेकडो गाणी थोडक्या वेळात आत्मसात करून गाताना प्रत्येक गाण्याला किती आवाज पुरतो, याचा अंदाज घ्यावाच लागतो. तरुणपणी त्या प्रत्येक गाण्याला पूर्ण ताकद देत असत. २०१७ च्या 'मीनिंग ऑफ लाइफ'मध्ये, म्हणजे आरसीए सोडून अटलांटिक या कंपनीकडे आल्यानंतर, सोलच्या अंगाने जाताना हात थोडा आखडता घेण्याची सवय दिसू लागली होती. दूरचित्रवाणीच्या या वर्षांत ती मुरली. 'केमिस्ट्री'मधल्या 'लाइटहाउस'सारख्या संथ गाण्यात आवाज बराच वेळ खालीच ठेवलेला ऐकताना त्याचा प्रत्यय येतो.

आता खुद्द अल्बमकडे वळू. चौदा गाणी आहेत, आणि त्यांच्या क्रमात या अल्बमचे मर्म आहे. आरंभ मोडल्यानंतरच्या काळात होतो. 'स्किप धिस पार्ट'मध्ये ती विचारते, की हा कोसळण्याचा भाग गाळून पुढे जाता येईल का. पाठोपाठ 'माइन'मध्ये जुनी क्लार्कसन भेटते: तू माझे केलेस तसे कुणीतरी तुझे करील. 'मी'मध्ये ती स्वतःच स्वतःला पुरेशी आहे असे म्हणते, आणि ज्यांना 'पीस बाय पीस' ठाऊक आहे त्यांना हे त्याचेच उत्तर असल्याचे कळते. जोडणारा हात आता तिचा स्वतःचा आहे. इथपर्यंत अल्बम अपेक्षेप्रमाणे चालतो. मग सहाव्या जागी शीर्षकगीत येते आणि काळ मागे फिरतो. 'केमिस्ट्री', 'फेव्हरिट काइंड ऑफ हाय' आणि 'मॅजिक' ही ओळीने आलेली गाणी आकर्षणाची आहेत, अंगात भिनलेल्या ओढीची आहेत. घटस्फोटाच्या अल्बमच्या ऐन मध्यावर, पूर्वार्धातला सगळा कडवटपणा ऐकून झाल्यावर, ती सांगते की मला हा माणूस वेड्यासारखा आवडला होता. यानंतर 'लाइटहाउस' येते, ज्यात दिवा विझलेला आहे.

कथा सरळ कालक्रमाने सांगितली असती, आधी प्रेम, मग तडे, मग विलगता, तर प्रेमाची गाणी केवळ प्रस्तावना ठरली असती. शेवट आधी सांगून मग प्रेमाकडे नेल्यामुळे ऐकणारा त्या आनंदी गाण्यांकडे संशयाने पाहतो, आणि तरीही त्यांच्या ठेक्यात ओढला जातो. बोलणारी स्त्री जिथे अडकली होती तिथेच ऐकणाराही काही मिनिटे अडकतो. अल्बम जाहीर करताना क्लार्कसन यांनी सांगितले होते, की यात एका संपूर्ण नात्याचा आलेख आहे आणि सगळे नाते एकाच भावनेत कोंबू नये. कलावंत असे पुष्कळ काही म्हणतात. इथे गाण्यांच्या रचनेनेच ते सिद्ध होते. 'सिन्स यू बीन गॉन'मध्ये ज्याला जागा नव्हती तो भूतकाळ इथे अल्बमच्या मधोमध बसला आहे.

दोषाच्या वाटपातही फरक पडला आहे. शेवटच्या गाण्याचे नाव 'रेड फ्लॅग कलेक्टर' आहे, म्हणजे धोक्याच्या खुणा गोळा करत बसणारी व्यक्ती. हा शेरा समोरच्यावर जितका आहे तितकाच स्वतःवर आहे, कारण त्या खुणा दिसत असूनही ती थांबली होती. याच गाण्यात, पैसे घे, माझे नाव बदनाम कर, ते मी तसेही बदलले आहे, अशा अर्थाचा टोमणा आहे. क्लार्कसन यांनी २०२२ मध्ये कायद्याने केली ब्रिअ‍ॅन हे नाव घेण्यासाठी अर्ज केला होता हे ठाऊक असले की त्यातला विनोद अधिक झोंबतो. विनोद ही या अल्बमची नवी कमाई आहे. 'आय हेट लव्ह'मध्ये प्रेमपटांची यथेच्छ टर उडवताना नटांच्या यादीत स्टीव्ह मार्टिन यांचे नाव येते, आणि त्या गाण्यात बँजो वाजवला आहे तो खुद्द स्टीव्ह मार्टिन यांनी. 'माय डिसेंबर'च्या काळात त्यांच्या गाण्यातली स्त्री स्वतःच्या दुःखावर अशी हसू शकली असती, असे मला वाटत नाही.

अशा अल्बमवर एक जुना आक्षेप घेतला जातो, की तो एकाच बाजूचे ऐकवतो. आक्षेप खरा आहे, पण त्याला उपाय नाही, आणि या प्रकारच्या संगीताची घडणच तशी आहे. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे अमेरिकी सोल गायक मार्व्हिन गे यांचा डिसेंबर १९७८ मधला 'हिअर, माय डिअर'. अ‍ॅना गॉर्डी यांच्याशी झालेल्या घटस्फोटाच्या तडजोडीत पुढच्या अल्बमच्या मानधनाचा अर्धा वाटा त्यांना द्यायचे ठरले होते, आणि तो अल्बम गे यांनी त्याच संसारावर रचला. जिच्यासाठी पैसे मिळवायचे तिच्यावरच फिर्याद! तेव्हा तो फारसा खपला नाही. त्याची कदर नंतरच्या पिढीने केली. क्लार्कसन आणि ब्लॅकस्टॉक यांच्यातही व्यवस्थापनाच्या मोबदल्यावरून वाद झाला. २०२३ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या कामगार आयुक्तांनी ब्लॅकस्टॉक यांनी क्लार्कसन यांना २६ लाख डॉलरहून अधिक रक्कम परत करावी असा निर्णय दिला, आणि पुढच्या वर्षी दोघांत समझोता झाला. व्यवहाराचे हे सगळे अल्बमबाहेर ठेवले गेले, एखाददुसरा टोमणा वगळता, हे मला संयमाचे लक्षण वाटते.

सगळेच जमले आहे असे नाही. चौदा गाणी अधिक होतात. दोन-तीन कमी असती तर तो मधला वळसा आणखी ठसठशीत झाला असता. निर्मितीत सफाई इतकी आहे, की ज्या गिटारींनी एके काळी त्यांच्या गाण्याला धार दिली त्या काही ठिकाणी कीबोर्डांच्या थरांखाली दबून जातात. 'माइन'सारख्या गाण्याला 'माय डिसेंबर'मधला खरखरीतपणा मिळायला हवा होता. संतापाला इतका गुळगुळीत पोशाख शोभत नाही. अल्बम बिलबोर्डच्या यादीत सहाव्या क्रमांकावर आला आणि पॉप गायनाच्या ग्रॅमीसाठी त्याला नामांकन मिळाले. पारितोषिक टेलर स्विफ्ट यांच्या 'मिडनाइट्स'ने नेले. त्यात अन्याय झाला असे मी म्हणणार नाही.

राहता राहिला 'पीस बाय पीस'चा प्रश्न. घटस्फोटानंतर ते गाणे गायचेच नाही, हा मार्ग क्लार्कसन यांना मोकळा होता, आणि अनेक कलावंत तोच पत्करतात. त्यांनी ते मंचावर पुन्हा आणले आणि त्याचे शब्द बदलले: जिथे तो जोडत होता तिथे आता ती स्वतःला जोडते. चाल तीच राहिली, वडिलांना उद्देशून असलेले बोलणेही राहिले. लिहिलेल्या गाण्यावर लेखकाचा हक्क प्रसिद्धीनंतरही संपत नाही, हे त्यांनी गाऊनच दाखवले. २०२५ मध्ये 'व्हेअर हॅव यू बीन' हे नवे गाणे त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, 'हाय रोड रेकॉर्ड्‌स' या नावाखाली आणले. 'हाय रोड' हे 'केमिस्ट्री'तल्या तिसऱ्या गाण्याचे नाव. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रँडन ब्लॅकस्टॉक यांचे निधन झाले. तेव्हापासून या अल्बममधली रागाची गाणी ऐकताना अवघडल्यासारखे होते हे खरे, पण मधली ती प्रेमाची गाणी मात्र त्यामुळे खोटी पडली नाहीत. त्यांना अल्बममध्ये जागा दिली गेली नसती, तर आज या नात्याची नोंद म्हणून आपल्या हाती फक्त फिर्याद उरली असती.